ब्रुजचा सूर्यास्त किती वाजता?

दिवाळीनंतरच्या आठवड्यात नाचणगावातील एका व्यापारी घराच्या बैठकीत एक कागद हातोहात फिरला. थोरल्या मुलाने तो मोठ्या हौसेने तयार केला होता. मथळा होता, ‘आठ दिवस, पाच देश’. पॅरिसला विमानातून उतरायचे, तेथेच मोटार भाड्याने घ्यायची, ब्रसेल्स, अॅम्स्टरडॅम, कोलोन आणि लक्झेंबर्ग करीत पुन्हा पॅरिस गाठायचे. दर रात्री नवे गाव, नवे हॉटेल. अंतर तेराशे किलोमीटरांहून अधिक. बाबूजींनी चष्मा पुसून तो कागद एखादी संशयास्पद हुंडी तपासावी तसा वरपासून खालपर्यंत वाचला आणि एवढेच विचारले, “यात जेवायचे कधी, ते लिहिलेले दिसत नाही.”

मुलाला तो विनोद वाटला. प्रत्यक्षात त्या कागदातील सर्वांत मोठी त्रुटी तीच होती. घरातील आजी चौऱ्याहत्तर वर्षांच्या. चाळीस वर्षांहून अधिक काळ त्यांचा चौविहार कधी चुकलेला नाही. सूर्यास्तापूर्वी दोन घटका अन्न आणि पाणी दोन्ही संपते. कंदमूळ वर्ज्य, सकाळी नवकारसी, दिवसातून एक सामायिक. कागद त्यांच्यापर्यंत पोहोचला तेव्हा त्यांनी तो न वाचताच परत दिला. “तुम्ही सगळे जाऊन या. मी पुलगावला लेकीकडे राहीन. माझ्यामुळे तुमचे हाल नकोत.” हे शब्द रागाने उच्चारलेले नव्हते, आणि म्हणूनच ते घरातील सर्वांना अधिक लागले. आजींना वगळून मोठा प्रवास करायचा, की लहान करून आजींसह करायचा, हा प्रश्न त्या रात्री घरापुढे उभा राहिला.

बाबूजींनी उत्तरासाठी नकाशा उघडला नाही. त्यांनी जुन्या रोजमेळाच्या वहीचे एक कोरे पान घेतले. दिवसाचे चोवीस तास जमेला धरले. त्यातून झोपेचे आठ गेले. नवकारसी, स्नान, पाठ, सामायिक यांचे दोन. स्वयंपाक, दोन वेळचे जेवण आणि डबा भरणे यांचे तीन. थकलेल्या पायांना दुपारी टेकण्यासाठी एक. उरले दहा. या दहा तासांतले पाच मोटारीत गेले, तर पाहण्यासाठी उरतात पाच, आणि त्यांतही गाडी उभी करण्याची जागा शोधण्यात अर्धा-पाऊण तास जातोच. म्हणून नियम ठरला की, दिवसाकाठी जाऊन-येऊन मिळून गाडी तीन तासांपेक्षा अधिक चालवायची नाही, आणि राहण्याचे ठिकाण बदलायचे नाही. हा नियम मान्य होताच पाच देशांचा एक देश झाला. तो देशही छोटा हवा होता. बेल्जियमचे नाव येथे पुढे आले.

बेल्जियमचे क्षेत्रफळ ३०,६८९ चौरस किलोमीटर. वर्धा जिल्ह्याचे सुमारे ६,३०० चौरस किलोमीटर. म्हणजे पाच वर्धा जिल्हे एकत्र ठेवले की बेल्जियम भरते. अँटवर्पहून ब्रसेल्स सुमारे ४५ किलोमीटर, गेंट ६०, ब्रुज शंभराच्या आसपास. नाचणगावच्या माणसाला वसुलीसाठी वर्धा, अमरावती, नागपूर करण्याची सवय असते. त्याच्या मापात ही अंतरे सहज बसतात. शिवाय अँटवर्पच्या दक्षिण भागात, विलरैक या उपनगरात, शंखेश्वर पार्श्वनाथाचे संगमरवरी मंदिर आहे. हिऱ्यांच्या व्यापारासाठी १९६० च्या दशकापासून पालनपूर भागातील जैन कुटुंबे त्या शहरात स्थायिक होत गेली. हिऱ्यांच्या पेठेत पिढ्यान्‌पिढ्या असलेल्या ज्यू व्यापाऱ्यांच्या शेजारी त्यांनी आपल्या पेढ्या मांडल्या आणि पुढे त्या व्यापाराचा मोठा हिस्सा आपल्याकडे आणला. या वस्तीच्या श्रद्धेतून ते मंदिर उभे राहिले. मुक्काम त्याच बाजूला, स्वयंपाकघर असलेल्या घरात करायचा असे ठरले, तेव्हा आजींनी प्रथमच कागदाकडे नजर टाकली. मंदिर उघडण्याच्या वेळा मात्र आधी विचारून ठेवणे आवश्यक आहे. परक्या शहरात सोळा मैल गाडी हाकून बंद दारापुढे उभे राहणे कोणालाही आवडत नाही.

आता ऋतूचा प्रश्न. युरोपच्या प्रवासात जैन कुटुंबाने तिकिटाच्या भावाआधी सूर्यास्ताची वेळ पाहावी. मे महिन्याच्या मध्यावर अँटवर्पला सूर्य सकाळी सहाच्या आत उगवतो आणि रात्री सव्वानऊ ते साडेनऊच्या दरम्यान मावळतो. त्याच दिवशी नाचणगावला तो पावणेसातला मावळलेला असतो. आजींच्या दोन घटका वजा केल्या तर नाचणगावी सायंकाळी सहापासून दुसऱ्या दिवशीच्या नवकारसीपर्यंत साडेबारा तास पाण्याविना जातात. अँटवर्पला रात्री साडेआठनंतरपासून सकाळी पावणेसातच्या सुमारापर्यंत जेमतेम दहा. म्हणजे व्रत तेथे अवघड होण्याऐवजी हलकेच होते. हाच प्रवास नाताळच्या सुटीत, स्वस्त तिकिटाच्या मोहाने आखला असता, तर दुपारी पावणेपाचच्या आत सूर्य मावळला असता आणि सकाळी पावणेनऊच्या सुमारास उगवला असता. दोन्ही टोके धरली की साडेसतरा तासांहून अधिक काळ अन्नपाण्याविना. त्या थंडीत, त्या वयात, हे व्रत राहत नाही, परीक्षा होते.

एक शंका आजींनीच काढली. रात्री आठ वाजता जेवणे मनाला पटेल का? व्रत सूर्याशी बांधलेले आहे, घड्याळाशी नाही, हे त्यांना कोणी सांगण्याची आवश्यकता नव्हती; पण चाळीस वर्षांची सवय शरीरात मुरलेली असते. तोडगा त्यांनीच सुचवला. जेवण आपल्या सवयीने साडेसहाला उरकायचे आणि पाणी तेवढे साडेआठपर्यंत घ्यायचे. उन्हाळ्यात बेल्जियमचे घड्याळ भारताच्या साडेतीन तास मागे असते, त्यामुळे पहिले दोन दिवस त्यांना दुपारीच संध्याकाळची भूक लागेल, हेही सूनबाईंनी वहीत नोंदवून ठेवले.

मे महिना दुकानालाही सोयीचा. कापसाचा हंगाम आटोपलेला, बियाण्यांची गर्दी जूनच्या तोंडावर, शाळेला सुटी, आणि चातुर्मास अजून दूर. धाकटे काकाजी दुकान सांभाळतील. मात्र बेल्जियममध्ये १ मे हा कामगार दिन सुटीचा असतो. ईस्टरच्या तारखेनुसार येणाऱ्या असेन्शनच्या गुरुवारी आणि पेंटेकॉस्टच्या सोमवारीही दुकाने बंद राहतात. ते दिवस टाळून तारखा ठरल्या.

यानंतर शिधा. येथे बहुतेक कुटुंबांची गफलत होते, कारण आपल्याकडे प्रवास म्हणजे डबे आणि डबे म्हणजे साजूक तूप. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दूध व दुधाचे पदार्थ सोबत आणण्यास मनाई आहे. तूप, पेढे, बर्फी, पनीर हे सर्व विमानतळावरच काढून घेतले जाऊ शकते. ताजी फळे आणि भाज्या यांना आरोग्य प्रमाणपत्र लागते. सूट आहे ती केळी, नारळ, अननस, खजूर आणि ड्युरियन या पाच फळांना. म्हणजे मे महिन्यात निघूनही आंबा नेता येणार नाही. कढीपत्ता आणि हिरवी मिरचीसुद्धा नाही. तेलावर भाजलेले खाकरे, मुगाचे पापड, शेव, मेतकूट, भाजणी, डाळी आणि मसाले हे मात्र नेता येतात. तूप तिकडच्या लोण्यापासून घरी कढवता येते, आणि बेल्जियमच्या लोण्याला नाव ठेवण्यास जागा नाही, असे तिकडे जाऊन आलेले सांगतात.

तेथील दुकानात पाव किंवा बिस्किटे घेताना एक सोय आहे. युरोपीय संघाच्या नियमानुसार अंडी, दूध, गहू यांसारखे चौदा घटक घटकयादीत ठळक छापावे लागतात. अंडे असेल तर ते डोळ्यांना लगेच दिसते. पण प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून केलेले जिलेटिन, मांसाचा अर्क किंवा चीजमधले वासराच्या जठरातून काढलेले रेनेट त्या चौदांत नाही. त्यामुळे ठळक अक्षरे पाहून निश्चिंत होणे चुकीचे. लेबल डच आणि फ्रेंचमध्ये असते. नातवाने मोबाइलवर भाषांतराची सोय करून ठेवली आहे. बटाट्याच्या तळलेल्या कापांविषयी तर सांगायलाच हवे. बेल्जियन माणसाला त्यांचा फार अभिमान, आणि ‘बटाटा तेवढा चालतो’ म्हणणारी तरुण मंडळी आपल्या घरांतही असतात. परंतु ते काप परंपरेने गाईच्या चरबीत तळले जातात. आजही अनेक ठिकाणी तीच पद्धत आहे. वॅफलमध्ये अंडे असते. चॉकलेट घ्यायचे तर साधे, काळे, आत काही न भरलेले.

मोटारीच्या बाबतीत मुलाचा उत्साह मोठा होता आणि तो समजण्यासारखाही होता. समृद्धी महामार्गावर त्याने अनेकदा गाडी चालवली आहे. बेल्जियमच्या मोटारमार्गावरही वेगमर्यादा तीच, ताशी १२०. तथापि मोटारमार्ग हा तेथील सर्वांत सोपा भाग होय. खरी कसोटी गावात लागते. वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, चालक डावीकडे बसतो, आणि चौकात काही खूण नसेल तर उजवीकडून येणाऱ्या वाहनाचा हक्क पहिला. ते वाहन लहानशा गल्लीतून मोठ्या रस्त्यावर येत असले तरीही. आपल्याकडे मोठ्या रस्त्याचा मान मोठा; तेथे बाजूचा मान मोठा. रस्त्याच्या कडेला पिवळ्या चौकटीची खूण दिसली तर आपला रस्ता अग्रक्रमाचा, एवढे लक्षात ठेवावे. ट्रामला जवळजवळ सर्वत्र प्रथम वाट द्यावी लागते. उजवीकडे वळताना सायकलस्वार मागून सरळ येत असतो. तो थांबत नाही आणि त्याने थांबावे अशी अपेक्षाही नसते. गावाबाहेर फ्लँडर्स भागात मर्यादा ७०, दक्षिणेकडील वालोनियात ९०, गावात ५०, आणि ब्रसेल्स शहरात २०२१ पासून बहुतेक रस्त्यांवर ३०.

म्हणून उतरल्या दिवशी गाडी घ्यायचीच नाही असे ठरले. रात्रभराच्या विमानप्रवासानंतर, उलट्या बाजूच्या रस्त्यावर, सहा माणसांचा जीव हातात घेऊन निघणे ही हौस नव्हे. ब्रसेल्सच्या विमानतळाखालूनच अँटवर्पला थेट रेल्वे जाते. शनिवारी उतरायचे, रविवारी मंदिर आणि विश्रांती, सोमवारी सकाळी शहरातच गाडी घेऊन निवांत उपनगरात तासभर सराव करायचा आणि मग जेमतेम पंचवीस किलोमीटरवरचे मेखलेन पाहून परतायचे. गाडी ऑटोमॅटिक घ्यायची, कारण डाव्या हाताची सवय असलेला गिअर तेथे उजव्या हाताला येतो. सात आसनांची गाडी सात माणसांची असते, सात बॅगांची नसते. शेवटची रांग उघडली की सामानाची जागा संपते. एकच मुक्काम असल्याने सामान घरातच राहील, हा त्या निर्णयाचा न ठरवता मिळालेला लाभ. नातू १३५ सेंटीमीटरपेक्षा कमी उंचीचा असल्याने त्याच्यासाठी वेगळे आसन कायद्याने बंधनकारक आहे, ते आधीच मागवून ठेवावे लागेल. मोटारींना टोल नाही. अँटवर्पच्या उत्तरेकडील लिफकेन्सहुक बोगद्याचा अपवाद. अँटवर्पचा वळणरस्ता सकाळी तुंबतो, तेव्हा साडेनऊपूर्वी घर सोडायचे नाही. पाठ आणि नवकारसी निवांत होतील, हेही त्यातून साधते.

नावांची एक गंमत आहे. एकाच गावाला डच नाव वेगळे, फ्रेंच वेगळे. लिएजकडे जाणारा रस्ता डच भागात ‘लाउक’ दाखवतो, मॉन्सकडे जाणारा ‘बेर्गन’, आणि फ्रान्समधील लीलचे नाव पाटीवर ‘रैसल’ होते. बेळगाव आणि बेळगावी या दोन पाट्या वाचणाऱ्यांना यात नवल वाटू नये, पण तेथे दोन नावांत फारसे साम्य नसते.

मंगळवार गेंटचा. या शहराशी कापसाच्या घराचे नाते आहे. इंग्लंडने सूतकताईची यंत्रे देशाबाहेर जाऊ न देण्याचा कडक नियम केला होता. १८०० च्या सुमारास गेंटच्या लीव्हन बाउवेन्स याने एक कताईयंत्र सुटे भाग करून चोरून आणले आणि गेंटमध्ये गिरण्यांचे युग सुरू झाले. पुढे तो गेंटचा महापौर झाला आणि शहरात त्याचा पुतळाही उभा राहिला. अचौर्याचे व्रत पाळणाऱ्यांनी त्या पुतळ्याकडे कसे पाहावे, हा प्रश्न वाचकांवर सोपवलेला बरा. त्या शहरात जुन्या कापूस गिरणीच्या इमारतीत उद्योगांचे संग्रहालय आहे. विदर्भात रेल्वे १८६७ मध्ये नागपूरपर्यंत पोहोचली, आणि हिंगणघाटचा कापूस विलायतेच्या बाजारात नावाने ओळखला जाऊ लागला. गाठी येथून जात, आणि त्यांचे पुढे काय होते हे पाठवणारा कधी पाहत नसे. आजींचे यजमान आयुष्यभर जिनिंगमध्ये होते. सरकीपासून वेगळी झालेली रुई त्यांनी पाहिली, सूत होताना फारसे पाहिले नाही. गेंटच्या संग्रहालयात आपल्याला बसायला बाक असेल का, एवढेच आजींनी विचारले. शहराच्या मध्यभागी मोटारींना मोठे निर्बंध आहेत. गाडी बाहेरच्या वाहनतळावर ठेवून ट्रामने आत जायचे.

बुधवार ब्रुजचा, आणि हे गाव व्यापारी कुटुंबाने घाई करून पाहू नये. तेराव्या-चौदाव्या शतकात उत्तर युरोपची ही मोठी पेठ होती. इटलीचे सावकार, इंग्लंडची लोकर, बाल्टिक समुद्राकडचे व्यापारी सर्व येथे भेटत. व्हान डेर बर्झ नावाच्या कुटुंबाची तेथे उताऱ्याची वखार होती. तिच्यासमोरच्या चौकात व्यापारी जमून हुंड्यांचे व्यवहार करीत. त्या घराण्याच्या नावावरून शेअर बाजाराला फ्रेंचमध्ये ‘बुर्स’, जर्मनमध्ये ‘ब्योर्झ’ असे शब्द रूढ झाले, असे मानले जाते. मग समुद्राकडे जाणारी झ्विन नावाची खाडी गाळाने भरत गेली. मोठी जहाजे येईनाशी झाली. व्यापार अँटवर्पकडे सरकला, आणि १५३१ मध्ये तेथे बाजारासाठी स्वतंत्र इमारत उभी राहिली. ब्रुज जेथल्या तेथे थांबले. पैसा नसल्याने जुनी घरे पाडून नवी बांधणे झाले नाही, आणि त्याच जुनेपणासाठी आज जग तेथे जाते.

नाचणगावच्या माणसाला ही कथा परकी वाटण्याचे कारण नाही. नाचणगाव जुने गाव. स्टेशन झाले पुलगावला. लोहमार्ग जेथे थांबला तेथे पेठ गेली, गिरणी गेली, वखारी गेल्या. ब्रुजने पाणी गमावले, नाचणगावने रूळ. बाबूजींनी हे जेवताना बोलून दाखवले तेव्हा मुलगा प्रथमच पॅरिसविषयी काही बोलला नाही. ब्रुजच्या घंटाघराला ३६६ पायऱ्या आहेत. त्या नातू आणि त्याचे वडील चढतील, आजी आणि बाबूजी खाली चौकात बसतील. कालव्यातली होडी सर्वांसाठी.

गुरुवारी गाडी हलणार नाही. सलग तीन दिवस चालवल्यानंतर चालकाला सुटी हवी, आणि आजींना पुन्हा मंदिरात जायचे आहे. अँटवर्पचे १९०५ मधले भव्य रेल्वेस्थानक आणि त्याला लागूनच असलेली हिऱ्यांची पेठ त्या दिवशी पायी.

शुक्रवारवरून घरात वाद झाला. मुलाला राजधानी ब्रसेल्स पाहायची होती; नातवाला इप्र. पहिल्या महायुद्धात ते गाव अक्षरशः जमीनदोस्त झाले आणि पुन्हा जुन्यासारखे बांधले गेले. ऑक्टोबर १९१४ मध्ये भारतीय फौजा याच आघाडीवर उतरवल्या गेल्या. जवळच होलबेक येथे खुदादाद खान यांना मिळालेला व्हिक्टोरिया क्रॉस हा भारतीय सैनिकाला मिळालेला पहिला. तेथील मेनिन गेट या कमानीवर ज्यांचे देह सापडले नाहीत अशा पन्नास हजारांहून अधिक सैनिकांची नावे कोरली आहेत, आणि त्यांत भारतीयही आहेत. १९२८ पासून रोज रात्री आठ वाजता तेथे बिगूल वाजतो. दुसऱ्या महायुद्धातील जर्मन ताब्याचा काळ तेवढा वगळता तो थांबलेला नाही. सूनबाईंना सुटीत मरणाची आठवण नकोशी वाटली. आजी म्हणाल्या, “एवढी माणसे परक्या मुलखात गेली. त्यांच्यासाठी उभे राहून एक नवकार म्हणायला काय हरकत आहे?” वाद तेथेच मिटला. राजधानी न पाहता परतलो तर लोक काय म्हणतील, हा मुलाचा शेवटचा मुद्दा होता. लोकांना वाटल्यास ब्रसेल्सचे चित्रपत्र दाखवावे. ज्याला राहवणार नाही त्याने गुरुवारी पाऊण तासाच्या रेल्वेने जाऊन यावे.

इप्र मात्र अँटवर्पहून सव्वाशे किलोमीटरांच्या आसपास, म्हणजे सर्वांत लांबचा दिवस. त्या दिवशी दुपारी उशिरा निघायचे, डबा साडेसहाला तेथेच उघडायचा आणि बिगुलानंतर थेट परतायचे. चारही दिवसांचे मिळून सुमारे सव्वासहाशे किलोमीटर होतात. पहिल्या कागदाच्या निम्मेही नाहीत.

कागदपत्रांचे थोडक्यात. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो; निर्णयाला साधारणपणे पंधरा दिवस, क्वचित पंचेचाळीस लागतात, तेव्हा शेवटच्या आठवड्यावर विसंबू नये. अर्ज ज्या देशात मुख्य मुक्काम आहे त्याच देशाकडे करावा. किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा आवश्यक. गाडी चालवणाऱ्याने आंतरराष्ट्रीय परवाना वर्ध्याच्या परिवहन कार्यालयातून घ्यावा. त्यासाठी नमुना ४-अ भरावा लागतो आणि तो वर्षभर चालतो. भाड्याच्या गाडीची अनामत चालकाच्याच नावाच्या क्रेडिट कार्डावर अडकवली जाते, वडिलांचे कार्ड चालत नाही. कार्डावरचा परदेशी वापर आधी बँकेच्या अॅपमधून सुरू करून घ्यावा. दुकानदाराचे यंत्र ‘रुपयात देता की युरोत’ असे विचारील तेव्हा नेहमी युरो सांगावे. रुपयांचा पर्याय सौजन्याचा वाटतो, पण त्यातला विनिमय दर सौजन्याचा नसतो. विमानात जैन भोजन आधी नोंदवावे लागते. अर्थात मध्यरात्रीनंतर मुंबईहून सुटणाऱ्या विमानातले पहिले जेवण आजींच्या उपयोगाचे नाही, हे गृहीत धरून खाकऱ्यांची पुडी हाताशी ठेवायची.

गेल्या रविवारी नातवाने एक पुठ्ठ्याचे कार्ड तयार केले. एका बाजूला सहा दिवसांच्या तारखा, समोर सूर्योदय, नवकारसी, दोन घटका आधीची वेळ आणि सूर्यास्त. ब्रुज आणि इप्र पश्चिमेला असल्याने तेथला सूर्य अँटवर्पपेक्षा चार-पाच मिनिटे उशिरा मावळतो, हे त्याने स्वतः शोधून काढले आणि वेगळ्या शाईने लिहिले. आजींनी चष्मा लावून कार्ड दोनदा वाचले. येणार की नाही याबद्दल त्या काहीच बोलल्या नाहीत. थोड्या वेळाने त्यांनी नातवाला हाक मारली आणि शुक्रवारच्या ओळीवर बोट ठेवून विचारले, “बिगूल आठला वाजतो म्हणालास. संपतो किती वाजता? मला पाणी आठ चाळीसच्या आत घ्यायला हवे.”

नातू म्हणाला, पंधरा-वीस मिनिटांत संपतो, पण बाटली आपण हातातच ठेवू. दुसऱ्या दिवशी सकाळी सूनबाई त्यांना व्हिसाचा फोटो काढण्यासाठी पुलगावला घेऊन गेल्या.